मागच्या बारचा अनुभव

लवू शिवगण वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी स्पोर्ट्स कारचा मालक झाला, आणि त्यात त्याचा स्वतःचा हात फारसा नव्हता. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर. बांद्र्याच्या एका जुन्या इमारतीची लिफ्ट त्याने अकरा वर्षं सांभाळली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची दोन सीटची लाल जपानी गाडी तितकीच वर्षं पार्किंगमध्ये कव्हराखाली उभी होती. ते मुलाकडे कॅनडाला कायमचे निघाले तेव्हा लवूला म्हणाले, "तू यंत्राला हात लावायच्या आधी कान लावतोस. ही तूच घेऊन जा." आणि मागितलं ते इतकं थोडं, की नाही म्हणायला लवूला तोंडच राहिलं नाही.

गाडी मीरा रोडला बेव्हर्ली पार्कातल्या त्याच्या सोसायटीत आली. बायको, संचिता, खाली उतरली, गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि म्हणाली, "मागे कोण बसणार?"

"मागे नाहीच आहे."

"मग तुमच्या आई संगमेश्वराहून आल्या की?"

"आई पुढे बसेल."

"आणि मी?"

याचा लवूने विचार केला नव्हता. पुढेही कधी केला नाही.

असली गाडी चालवायची कुठे, हा प्रश्न मीरा रोडमध्ये फार लवकर पडतो. तिसरा गिअर टाकायला मोकळी जागा म्हणून लवू एकदा भल्या पहाटे उत्तनपर्यंत जाऊन आला, तर तिथे मासळीचे टेम्पो त्याच्या आधीपासून रांगेत. शेवटी सोसायटीतलाच रोहित मदतीला आला. रोहित आयटीत होता, तिशी ओलांडलेला, आणि गाडीबद्दल बोलताना गाडीपेक्षा आकड्यांवर त्याचं जास्त प्रेम. त्याने लवूला 'कोन किलर्स' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं.

ही मंडळी महिन्यातून एका रविवारी सकाळी घोडबंदरच्या बाजूला एका लग्नाच्या लॉनचं डांबरी पार्किंग भाड्याने घेत. तिथे प्लास्टिकचे नारिंगी कोन मांडून नागमोडी रस्ता आखायचा आणि एकेकाने घड्याळ लावून त्यातून गाडी काढायची. कोनला धक्का लागला की दोन सेकंद दंड. याला ऑटोक्रॉस म्हणतात. गाड्या 'वरपक्ष पार्किंग' अशा पाटीखाली उभ्या राहत आणि हेल्मेट घातलेले लोक बुफेच्या मांडवात चहा पीत.

"ही रेस नाही," लवूने संचिताला समजावून सांगितलं. "एका वेळी एकच गाडी. माणूस फक्त स्वतःशी लढतो."

"मग हरतो कुणाकडून?" संचिता म्हणाली.

पहिल्याच रविवारी अठ्ठावीस गाड्यांत लवू सत्ताविसावा आला. अठ्ठाविसावा जो आला, तो वाट चुकून लॉनच्या भटारखान्याकडे गेला होता. पहिल्या आल्या हेमालीबेन. भाईंदर पूर्वेला त्यांचा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना. पन्नाशीच्या बाई, पायात सँडल, गाडी साधी पांढरी हॅचबॅक. सुरू करण्याआधी त्यांनी डिकीतून डब्यांचे नमुने काढून मांडवात ठेवले, बावन्न सेकंदांत एकही कोन न हलवता परत आल्या आणि डबे पुन्हा डिकीत भरले. लवूला एकसष्ट सेकंद लागले होते, वर चार कोनांचा दंड.

घरी येईपर्यंत लवूचं निदान झालं होतं. टायर.

लिफ्टच्या धंद्यात वीस वर्षं काढलेला माणूस कुठल्याही बिघाडाचं कारण यंत्रातच शोधणार. लिफ्ट अडकली तर आतल्या माणसाला कोणी दोष देत नाही. गाडीवरचे टायर जुने आणि दगडासारखे कडक झाले होते हेही खरंच. ते बदलायलाच हवे होते. कुठल्याही टायरच्या दुकानात अर्ध्या तासात हे काम झालं असतं. लवूला सात आठवडे लागले, आणि मधला एक रविवार हुकला.

टायरच्या कडेला ट्रेडवेअर नावाचा एक आकडा छापलेला असतो, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. आकडा लहान तितकं रबर मऊ, पकड घट्ट, आणि झीजही तितकीच जलद. मग मऊ घ्यायचं तर किती मऊ? कडेची भिंत जाड की पातळ? रुंदी वाढवली तर वजनही वाढतं, त्याचं काय? इंटरनेटवर यावर शेकडो पानांची भांडणं होती. लवूने ती सगळी वाचली. रविवारी कोनांतून आणि सोमवारी ऑफिसला एकाच टायरवर जाणारे लोक जगभर पसरले होते, आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं. अमेरिकेतल्या कुणा दंतवैद्याच्या डाव्या पुढच्या टायरची झीज लवूला स्वतःच्या कोलेस्टेरॉलपेक्षा नीट पाठ झाली होती.

शेवटी तो गोवर्धनभाईंच्या दुकानात गेला. गोवर्धनभाई भाईंदरला तीस वर्षं टायर विकत होते. लवूने पाऊण तास माहिती दिली. गोवर्धनभाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मागून चार टायर आणवले.

"लवूभाई, ये टायर मख्खन है," ते म्हणाले. "पकडेगा एकदम मस्त. लेकिन मख्खन जितना ही टिकेगा."

"हवा किती ठेवायची?"

"गाडी के दरवाजे पे लिखा है ना."

लवू मनातल्या मनात हसला. दारावर लिहिलेली हवा सामान्य माणसांसाठी असते.

योग्य हवा शोधायची त्याने वेगळी रीत वाचली होती. टायरच्या कडेला खडूची रेघ मारायची, एक फेरी मारायची, आणि खडू कुठवर पुसला ते बघून टायर किती लवंडतो ते ठरवायचं. घरात खडू नव्हता म्हणून त्याने संचिताची रांगोळी ओली करून लावली. सकाळी खालच्या मजल्यावरच्या शालूताईंनी ती पाहिली आणि नव्या टायरांची पूजा अर्धवट राहिली असं समजून चारही चाकांना हळदकुंकू वाहून टाकलं. त्या दिवशीच्या हवेच्या नोंदी लवूला बाद कराव्या लागल्या.

दुसऱ्या रविवारी वेळ चार दशांश सेकंदाने कमी झाली आणि कोन एक जास्त पडला. नंबर सत्ताविसावा. लवूने ग्रुपवर लिहिलं, 'ग्रिप प्रचंड वाढली आहे. आता खरा प्रॉब्लेम समोर आलाय. सस्पेन्शन.'

सस्पेन्शनसाठी तो पिंटूकडे गेला. पिंटू म्हात्रे राई गावचा, वय पंचावन्न, नाकावर वाचायचा चष्मा. मोरव्याच्या रस्त्याला त्याचं गॅरेज होतं. आजूबाजूच्या तीन पिढ्यांनी त्याला पिंटूच म्हटलं होतं, त्यामुळे लवूने त्याला 'पिंटूदादा' म्हटलं की तो आधी मागे वळून बघायचा.

"शॉकप तर बरे हायेत," पिंटू गाडीखालून म्हणाला. "रबरी बुश दोन गेलेत. ते टाकतो. झाला."

"नाही नाही, पिंटूदादा. मला रोल कमी करायचाय. वळणावर गाडी झुकते ना, तो."

मग चार कडक स्प्रिंग आल्या, चार नवे शॉकप आले. शॉकपच्या डोक्यावर एक चकती होती, ती फिरवली की शॉकप मऊ किंवा कडक होई. तिचे तीस टप्पे होते. लवूने कोणत्या चाकाला कोणता टप्पा याची वही केली. गाडी दोन इंच खाली बसली. आता ती फोटोत फार सुंदर दिसायची आणि सोसायटीच्या गेटातला गतिरोधक तिला ओलांडता यायचा नाही.

त्यावर तोडगा निघाला. संचिता पालिकेत पाणी खात्यात कामाला होती, तिला सकाळी वाटेत सोडायचं असे. गेटापाशी ती उतरायची, म्हणजे वजन कमी व्हायचं. लवू गाडी तिरकी करायचा. वॉचमन जवळजवळ झोपून खाली बघायचा आणि "आने दो, आने दो, बस!" असं ओरडायचा. गाडी पलीकडे गेली की संचिता परत बसायची. मुख्य रस्त्यापर्यंत असे तीन गतिरोधक होते.

"तीनदा उतरून तीनदा बसले," ती चौथ्या दिवशी म्हणाली. "त्यापेक्षा चालले असते तर एकदाच दमले असते." पाचव्या दिवसापासून तिने रिक्षा धरली.

आणि मग आला मागचा बार. गाडी वळणावर एका अंगाला झुकते. दोन्ही मागच्या चाकांना एक पोलादी दांडा जोडला की तो हे झुकणं आवरतो, आणि गाडीचं बूड वळणात चटकन फिरतं. या फिरण्याला ग्रुपवर 'रोटेशन' म्हणत, आणि तो शब्द लिहिताना सगळे थोडे गंभीर होत. लवूने आहे त्यापेक्षा दुप्पट जाड दांडा पुण्याहून मागवला. पिंटूने तो शनिवारी बसवला. लवू संध्याकाळी गाडी घेऊन गेला, आणि घोडबंदरच्या पुलाखालच्या पहिल्याच वळणावर त्याच्या अंगावर काटा आला. जमीन आणि तो यांच्यात आता काही राहिलंच नव्हतं.

घरी येऊन त्याने ग्रुपवर लेख टाकला. 'मागचा बार: माझा अनुभव.' तो वाचायला बारा मिनिटं लागत. त्यात 'गाडी आता माझ्या मनातलं ओळखते' असं एक वाक्य होतं आणि 'बार नसलेली गाडी म्हणजे कणा नसलेला माणूस' असं दुसरं. 'मागच्या बारने आयुष्य बदललं' एवढाच तुकडा संचिताला फोनवर वरती दिसला, आणि हा कुठला बार, म्हणून तिने दोन दिवस त्याच्या तोंडाचा वास घेतला.

लेख गाजला. रोहितने तो पिन करून ठेवला. आठवड्याभरात अकरा जणांनी तोच बार मागवला. ज्या माणसाला आजवर सव्विसावा नंबरही लागला नव्हता, त्याला लोक फोन करून विचारू लागले, 'सर, मागे किती टप्पे ठेवू?' आणि लवू डोळे मिटून, जरा विचार करून, आकडा सांगायचा.

तिसऱ्या रविवारी सकाळी हेमालीबेनच्या हॅचबॅकचा क्लच गेला. ऑटोक्रॉसमध्ये एक गाडी दोघांनी चालवायला परवानगी असते. त्या 'वरपक्ष' पाटीखाली आल्या.

"लवूभाई, तमारी गाडी आपशो? दोन राउंड मारून देते परत. पेट्रोल माझं."

लवू नाही कसं म्हणणार? त्याने त्यांना वही दाखवली. पुढे अकरा टप्पे, मागे सतरा, हवा इतकी, बार असा. हेमालीबेननी वहीकडे बघून मान हलवली, सीट पुढे ओढली आणि आरसा सरळ केला.

लवूची वेळ त्या दिवशी साठ सेकंद आणि दोन कोन होती. त्याच गाडीत, त्याच टायरवर, हेमालीबेन एकोणपन्नास सेकंद आठ दशांशांत परत आल्या. पार्किंगवर आजवर कुणी पन्नासच्या आत आलं नव्हतं.

लोक धावले. ते हेमालीबेनकडे नाही, गाडीकडे धावले. कुणी टायरचे फोटो काढले, कुणी चाकाच्या आड डोकं घातलं. रोहित गुडघ्यावर बसून शॉकपचे टप्पे मोजत होता. "सर, काय सेटअप आहे! नुसता सेटअप!" सगळ्यांनी लवूशी हात मिळवले. लवूचा स्वतःचा नंबर सव्विसावा आला होता, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर लवूच्याही नाही.

हेमालीबेननी किल्ली परत दिली. "सारी छे, चांगली गाडी. पाठीमागून जरा झुकते वळणावर, बाकी मस्त."

"तो प्रोग्रेसिव्ह रोल आहे," लवू म्हणाला. "मुद्दाम ठेवलाय."

"हां?" त्या म्हणाल्या, आणि चहा घ्यायला गेल्या.

परत येताना मागून टक् टक् असा आवाज येऊ लागला. लवूने कान लावला. हे मात्र त्याला खरोखर येत होतं. मागे उजवीकडे, धातूवर धातू. तो तसाच मोरव्याला पिंटूकडे गेला. पिंटूने गाडी उचलली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "तार तुटली वाटतं."

"कसली तार?"

"बार बांदला होता ना, ती."

लवू वाकला. पुण्याहून आलेला तो जाड, निळा, देखणा दांडा गाडीखाली होता खरा. पण त्याचं उजवं टोक चाकाला जोडलेलंच नव्हतं. जोडणारी लिंक मोकळी लोंबत होती आणि तिला कुंपणाच्या तारेचा एक तुटका तुकडा लटकत होता. एका टोकाला मोकळा असलेला बार म्हणजे गाडीखालून फिरवून आणलेलं नुसतं लोखंड.

"पिंटूदादा, हे जोडलेलं नाहीये!"

"न्हायच जोडलेला. बोल्ट आखूड निंगाला. मी सांगितला ना तुमाला फोनवर. बोललो, लवूशेठ, एक बाजू रिकामी हाय, बोल्ट घेऊन या."

"कधी?"

"त्या शनवारी. तुमी मला रोटेशन समजावत होते. मी मदी दोनदा बोललो. तुमी बोलले, हां हां, तेच तर!" पिंटूने तारेचा तुकडा काढून डब्यात टाकला. "मला वाटला, तुमालाच तसा पायजेल."

लवू टायरांच्या ढिगावर बसला. त्या पहिल्या वळणावर अंगावर आलेला काटा त्याला आठवला. मग ते कण्याचं वाक्य. मग ते अकरा जण.

घरी आल्यावर त्याने संचिताला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिला हसू फुटलं, तिने ते आवरलं, आणि ते परत फुटलं.

"म्हणजे तीन आठवडे तुम्हाला जे जाणवत होतं, ते…"

"हो."

"आणि त्या बाईंनी तशीच चालवली?"

"हो."

ती हसायची थांबली. "मग सांगून टाका की ग्रुपवर. लोकांनी सामान आणलंय तुमच्या शब्दावर."

हे लवूलाही कळत होतं. पण तीन आठवडे लोक त्याला सर म्हणत होते. कंपनीत वीस वर्षांत त्याला कुणी सर म्हटलं नव्हतं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला, परत आला, पाणी प्यायला, आणि शेवटी बसून लिहिलं. या वेळी चारच ओळी झाल्या. माझा मागचा बार एका बाजूने जोडलेलाच नव्हता. मी लिहिलेला अनुभव खोटा नव्हता, पण चुकीचा होता. हेमालीबेनची वेळ ही बारमुळे नाही, हेमालीबेनमुळे आहे. ज्यांनी माझ्यामुळे बार घेतला त्यांची माफी मागतो.

पाठवलं आणि त्याला हलकं वाटलं. मग रोहितचा मेसेज आला.

'सर, म्हणजे एकोणपन्नास आठ हा टाइम बार डिस्कनेक्ट करून आलाय?'

'हो, पण मुद्दा तो नाही,' लवूने लिहिलं.

'सर, मुद्दा तोच आहे!!'

त्यानंतर फोन थरथरतच राहिला. मागचं एक चाक मोकळं ठेवल्याने पकड वाढते, असं कुणीतरी आकृती काढून सिद्ध केलं. उजवी बाजू सोडायची की डावी, यावर दोन तट पडले. 'लवू सरांचं मन मोठं, नाहीतर असलं सिक्रेट कोण सांगतं!' असं एकाने लिहिलं आणि खाली सव्वीस जोडलेले हात आले. लवू 'अरे ऐका' असं लिहीत राहिला. प्रत्येक 'अरे ऐका'ने तो त्यांच्या नजरेत आणखी नम्र होत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिंटूचा फोन आला. "लवूशेठ, सकालधरनं चार जन आलेत. बोलतात, उजवी बाजू सोडून द्या, आनि तीच तार बांदा. मी बोललो, अरे, ती तार कुंपनाची हाय. तर बोलतात, तीच पायजेल."

लवूने कपाळाला हात लावला. मग त्याने ग्रुप म्यूट केला आणि हेमालीबेनना फोन लावला. आधी त्यांच्या क्लचची चौकशी केली, आणि मगच आपल्याला शिकवाल का, हे विचारलं. टायर कुठला घेऊ हे विचारणं किती सोपं होतं!

"शुक्रवारी या," त्या म्हणाल्या. "माझ्या कारखान्याच्या मागे जागा आहे. कोन नको, मी डबे मांडते."

शुक्रवारी सकाळी त्या लवूच्या शेजारी बसल्या, मांडीवर पर्स, आणि तो स्टीलच्या डब्यांमधून गाडी काढू लागला. पहिल्याच फेरीत तीन डबे गेले. हेमालीबेन रागावल्या नाहीत.

"तुमी जवळच्या डब्याकडे बघता," त्या म्हणाल्या. "तो तर आलाच ना. त्याचं काय बघायचं? त्याच्या पुढचा बघा."

"आणि ब्रेक?"

"ब्रेकला सारखे पाया पडता तुमी. एकदाच दाबा, नीट दाबा, नि सोडून द्या."

"शॉकपचे टप्पे किती ठेवू?"

"ए तमे जाणो," हेमालीबेन म्हणाल्या. "मला पोटात दुखायला नको एवढे ठेवा."

लवूने उतरून सगळे टप्पे मऊ केले, हवा दारावर लिहिली होती तितकी भरली आणि दोन तास फेऱ्या मारल्या. नऊ डब्यांना पोचे आले. ते त्याने विकत घेतले. संचिताने त्यातल्या सगळ्यात कमी चेपलेल्या डब्यात साखर भरली.

चौथ्या रविवारी आकाश भरून आलं होतं, पण पाऊस आला नाही. संचिता पहिल्यांदाच बघायला आली होती. लवू हेल्मेटमध्ये घामेघूम झाला, पुढच्या कोनाच्या पुढचा कोन शोधत गेला, एका ठिकाणी चुकला, ओरडला आणि सावरला. सत्तावन्न सेकंद, कोन शून्य. तो उतरला तेव्हा त्याला गाडीबद्दल एकही मत नव्हतं.

तीस गाड्यांत त्या वेळी तो अठरावा होता. रोहितची गाडी उजवी बाजू सोडून, कुंपणाची तार बांधून आली होती. ती दुसऱ्या वळणात भोवऱ्यासारखी फिरली आणि दोन कोन अंगाखाली घेऊन थांबली. रोहित उतरला, चाकांकडे बघत काही वेळ उभा राहिला, मग मांडवात आला.

"टायर बदलावे लागतील," तो म्हणाला. "सर, तुम्ही या वेळी काय बदललंत?"

"काही नाही रे. उलट मऊ केलं सगळं. हेमालीबेनकडे शिकायला गेलो होतो."

रोहितचा चेहरा पडला.

"सांगायचं नसेल तर राहू दे, सर," तो म्हणाला आणि चहाचा कप घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

लवू काही बोलणार होता, इतक्यात पलीकडे हेमालीबेनची पांढरी हॅचबॅक सुरुवातीच्या रेघेवर आली. तो आणि संचिता दोरीपाशी जाऊन उभे राहिले. गाडी सुटली. पहिल्या वळणाला लागायच्या आधीच बाईंची मान काचेआड दुसऱ्या वळणाकडे वळली होती. लवूने ते पाहिलं आणि संचिताचा दंड धरून तिलाही दाखवलं.